कोड बदलायचा का हे पब्लिकला विचारायचंय? मग मतदान असं लावा

कांद्याचे भाव दाखवणारं एक साधं वेबपेज धरून चालू. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, विंचूर, चांदवड, येवला, सिन्नर, रोजची आवक, किमान, कमाल आणि सरासरी भाव, बस. कोड गिटहबवर (कोड ठेवायची आणि मिळून बदलायची साइट) सगळ्यांना उघडा, चारपाच जण सांभाळतायत, त्यातलं कोणी नाशिकच्या कॉलेज रोडला राहतं, कोणी नोकरीसाठी हिंजवडीला गेलंय, आणि पेज बघणारे मात्र निफाड-येवल्याकडचे शेतकरी, व्यापारी, टेम्पोवाले. ग्रुपवर एक जण म्हणणार कमाल भाव मोठ्या अक्षरात टाका, दुसरा म्हणणार अजिबात नको, तो भाव एखाद्या ट्रॉलीलाच मिळतो आणि बाकीचे आशेने गाडी भरून येतात, तिसऱ्याला विंचूर वेगळं दिसायला हवंय, आणि हे सगळं चालू असताना ज्याच्याकडे मर्जचं, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये मिसळायचं, बटण आहे तो रात्री स्वतःच्या मनाने काहीतरी करून टाकतो आणि सकाळी ग्रुपवर भांडण. मग कोणीतरी बोलतंच, अरे मतदान घेऊ ना, अंगठे मोजायला बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) लावू, जिंकलं की आपोआप मर्ज.

करता येतं हे, त्यात काही रॉकेट सायन्स नाही. २०१७ मध्ये गिटहबवर केऑसबॉट नावाचा प्रयोग झाला, कोणीही पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव, टाकायची, लोकांनी अंगठा वर नाहीतर खाली करायचा, जिंकलेला बदल बॉट स्वतःच मर्ज करायचा आणि नव्या कोडवर पुन्हा सुरू व्हायचा, म्हणजे मतं मोजायचा कोडसुद्धा मतांनी बदलता येत होता. प्रयोग म्हणून भारी, पण सकाळी सहाला उठून भाव बघणाऱ्या माणसाचं पेज असं चालवलं तर तो शिव्या घालेल.

माझं म्हणणं एवढंच आहे की गर्दीला "काय पाहिजे" ते विचारा, "हे बरोबर चालतंय का" ते विचारू नका. भाव क्विंटलमध्ये दाखवायचा की किलोत, हा मताचा विषय आहे. पण क्विंटलला १८०० म्हणजे किलोला १८, आणि कोणी भागिले १०० च्या जागी भागिले १० लिहिलं तर पेजवर १८० दिसणार, मग त्या पुल रिक्वेस्टला शंभर अंगठे पडले तरी १८० चे १८ होत नाहीत. ते टेस्टने, म्हणजे कोड बरोबर चालतोय का ते तपासणाऱ्या छोट्या प्रोग्रामने, पकडायचं. खालची सगळी मांडणी या एका फरकावर उभी आहे, त्यामुळे तो डोक्यात ठेवूनच पुढे वाचा.

सगळ्यात आधी, मतदान कशावर नाही

बॉटचा कोड लिहायच्या आधी ही यादी लिहा. लोक उलटं करतात, आधी बॉट बनवतात कारण त्यात मजा येते.

पहिलं, मतं मोजणारा बॉट आणि नियमांची फाइल, निदान साध्या मतदानावर तरी नाही. हे साध्या बहुमताने बदलता आलं तर एखाद्या रविवारी दुपारी आठ-दहा जण जमून "यापुढे कोरम (किमान लागणारी मतं) १" असा नियम पास करतील आणि मग तुमचं काही चालणार नाही. पीटर सुबर यांनी १९८२ मध्ये नोमिक नावाचा खेळ काढला, त्यात चाल म्हणजेच नियम बदलणं, आणि त्यांनी सुरुवातीपासूनच नियमांचे दोन गट केले, १०१ ते ११६ हे सहज न बदलणारे आणि २०१ ते २१३ हे बदलता येणारे, पहिल्या गटातला नियम हलवायचा तर आधी त्याला दुसऱ्या गटात आणावं लागतं आणि त्याला सगळ्यांची संमती लागते. नुसत्या खेळाला ही काळजी घ्यावीशी वाटली, तर आपल्याला घ्यायला काय झालं.

दुसरं, पासवर्ड, टोकन (प्रोग्रामला दिलेली किल्ली), सर्व्हर, डोमेन, पैसे. इथे मतदान नाही. तिसरं, नवीन लायब्ररी (दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड) जोडणं. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम नावाचं खूप वापरलं जाणारं पॅकेज मूळ लेखकाने मदतीला आलेल्या अनोळखी माणसाकडे सोपवलं, आणि त्याने त्यात एक छोटी लायब्ररी घुसवली जी एका बिटकॉइन वॉलेटवर डोळा ठेवून होती. बघायला एका ओळीचा बदल. मतदाराला त्यात काय दिसणार?

चौथं, लायसन्स (कोड कोणी कसा वापरायचा त्याच्या अटी), आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ज्यांनी ज्यांनी कोड दिलाय त्यांचा त्या त्या तुकड्यावर कॉपीराइट असतो, हक्क आधीच लिहून दिले नसतील तर. त्यामुळे लायसन्स बदलायचं म्हणजे त्या लोकांची संमती पाहिजे, उरलेल्या नव्वद टक्क्यांनी हात वर केले म्हणून दहा टक्क्यांचा हक्क जात नाही. आणि पाचवं म्हणजे खरा आकडा. भाव पणन मंडळाच्या साइटवरून येत असेल तर तो जसा आलाय तसा, "आज लासलगावचा भाव चुकीचा वाटतोय, मत घेऊ" असं होत नसतं.

एवढं काढूनही मतदानाला भरपूर उरतं. पानावर आधी काय दिसावं, कुठले बाजार घ्यावेत, विंचूर उपबाजार आहे म्हणून लासलगावातच धरायचं की वेगळं, मराठी शब्द कोणते, लाल कांदा आणि उन्हाळ कांदा एकत्र दाखवायचे की वेगवेगळे, नोटिफिकेशन किती वाजता. लोकांना भांडायचंही खरं तर यावरच असतं.

मतदार यादी, इथेच सगळे अडकतात

उघड्या मतदानात बोगस मतदान होणारच, ते गृहीत धरा. गिटहबच्या अटींत एका माणसाला एकच फुकट अकाउंट आहे, पण ते तपासायला तुमच्या दारात कोणी येत नाही. म्हणून बॉट जो अंगठा मोजतो तो कोणाचा, हे आधी ठरवून ठेवायचं. मला पटणारी पद्धत अशी, की रिपोमध्ये, म्हणजे गिटहबवरच्या आपल्या कोडच्या फोल्डरमध्ये, मतदारांची एक फाइल ठेवायची, तिच्यात नाव यायचं तर अकाउंट किमान ९० दिवस जुनं हवं आणि माणसाने काहीतरी काम केलेलं हवं, कोडच पाहिजे असं नाही, नीट लिहिलेली तक्रार चालेल, भाषांतर चालेल, चुकलेला बाजारभाव दाखवून दिला तरी चालेल. आणि मुख्य म्हणजे मतदान उघडलं त्या क्षणाची यादी गोठवायची. मधेच घुसलेल्यांना पुढच्या वेळी. आपल्या निवडणुकीत पण मतदानाच्या दिवशी सकाळी नाव घालता येत नाही ना, तसंच.

जुनं अकाउंट आणि काम केलेलं असलं म्हणजे माणूस चांगला, असंही समजू नका. २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या कॉम्प्रेशनच्या (फाइल लहान करायच्या) टूलमध्ये मागचा दरवाजा, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, सापडला, तो घालणाऱ्या "जिया टॅन" नावाच्या अकाउंटने दोनेक वर्षं इमानदारीत काम करून विश्वास मिळवला होता, आणि मधल्या काळात भलतीच अकाउंट्स येऊन मूळ सांभाळणाऱ्यावर दबाव टाकत होती की तुला झेपत नाहीये, दुसऱ्याला हक्क दे. म्हणजे खोटी गर्दी उभी करून निर्णय ओढून घेतला. पकडला कोणी, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरने, कारण त्याचं एसएसएच लॉगिन (दूरच्या कॉम्प्युटरवर शिरणं) अर्धा सेकंद जास्त घेत होतं. कांद्याच्या पेजवर कोणी एवढी मेहनत करणार नाही हे मान्य, पण "सगळेच म्हणतायत" असं वाटलं की हे सगळे कोण, एवढं बघायची सवय लावा.

आता दुसरी बाजू, आणि माझ्या मते ही जास्त महत्त्वाची. यादीत येणारे सगळे कोडवाले. पिंपळगावच्या मार्केट यार्डात ट्रॅक्टरवर बसून पेज बघणाऱ्याचं गिटहब अकाउंट नाही आणि असायची गरजही नाही. मग त्याचं मत कुठे? त्याच्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपचा पोल घ्या, तो सगळ्यांना जमतो. पोल बनवताना एकापेक्षा जास्त उत्तरं देता येतील हा पर्याय बंद करा नाहीतर लोक तिन्हीवर टिक करतात. कोणी काय निवडलं ते ग्रुपमध्ये सगळ्यांना दिसतं, त्यामुळे गावात ज्याचा शब्द चालतो त्याने आधी मत दिलं की बाकीचे तिकडेच वळतात, हे पण लक्षात ठेवा. हा पोल बंधनकारक करू नका, आकडा हाताने मोजा आणि प्रस्तावाच्या वरच लिहा, "वापरणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये इतके बाजूने, इतके विरुद्ध". आणि एक नियम करा, की वापरणाऱ्यांचा कौल एकीकडे आणि कोडवाल्यांचा दुसरीकडे गेला तर बॉटने मर्ज करायचं नाही, माणसांनी बसून बोलायचं. कोडवाल्यांना हा नियम टोचतो. टोचू द्या.

कोरम

ग्रामसभेचं माहितीये ना, १५ टक्के किंवा १०० जण, यातलं जे कमी तेवढे हवेत, नाहीतर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही, म्हणून कित्येक ठिकाणी पहिली सभा ही तहकूब व्हायलाच भरते. ऑनलाइन मतदानात "एवढ्या लोकांनी मत द्यायलाच हवं" असा कोरम लावला की याहून विचित्र प्रकार होतो. ६४ मतदार आहेत, कोरम २०. बाजूने १८, विरुद्ध ५. पाचही जणांनी मत दिलं तर एकूण २३, कोरम भरला, प्रस्ताव पास. तेच पाच जण गप्प घरी बसले तर एकूण १८, कोरम नाही, प्रस्ताव पडला. म्हणजे विरोध करायचा तर मत न देणंच फायद्याचं, हा कसला नियम.

यावर उपाय डेबियनवाल्यांनी (फुकट ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारा स्वयंसेवकांचा गट) कधीच काढून ठेवलाय. त्यांचा कोरम हजेरीचा नाही, पाठिंब्याचा आहे. मतदारांच्या संख्येचं वर्गमूळ काढायचं, त्याचं अर्धं करायचं, त्याची तिप्पट, आणि तेवढ्या लोकांनी तरी तो पर्याय "काहीच करू नका" याच्या वर ठेवलेला पाहिजे. ६४ मतदार असले तर वर्गमूळ ८, अर्धं ४, तिप्पट १२. हजार असले तरी ४७-४८ च. वर्गमूळ असल्यामुळे ग्रुप वाढला तरी कोरम डोक्यावर चढत नाही. वरच्या उदाहरणात १८ जण बाजूने आहेत, १२ च्या वर आहेत, मग विरोधक आले काय आणि घरी बसले काय, काही फरक नाही.

बहुमत किती, ते बदलाच्या वजनावर ठेवा. शब्द, रंग, मांडणी यांना बाजूने किमान १२ आणि विरोधापेक्षा जास्त, पुरे. भाव कसा दाखवायचा किंवा एखादा बाजार काढून टाकायचा असेल तर १२ शिवाय दोन तृतीयांश. नियम बदलायचे तर तीन चतुर्थांश, डेबियनमध्ये घटना बदलायला असंच ३ ला १ लागतं, आणि हे पास झालं तरी मर्ज माणसाने करायचं, बॉटने नाही. ज्याने प्रस्ताव टाकला त्याचं मत धरायचं नाही, त्याला आवडलंय म्हणूनच त्याने टाकलंय.

वेळ किती द्यायची? अपाचीवाले (उघड्या कोडचे बरेच प्रकल्प सांभाळणारी संस्था) साधारण ७२ तास तरी देतात, रस्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत मोठ्या प्रस्तावाला शेवटच्या टप्प्यात १० दिवस असतात. आपल्याकडे पाच दिवस ठेवा आणि त्यात एक रविवार यायलाच पाहिजे, कारण सातपूर-अंबडला शिफ्ट करणारा माणूस आठवड्यात गिटहब उघडत नाही, रविवारी मिसळ खाऊन आला की उघडतो. गणपती आणि दिवाळीत मतदान उघडू नका. आणि शेवटच्या सहा तासांत निकाल फिरला तर आपोआप २४ तास वाढवा, पण एकदाच, नाहीतर ते संपतच नाही.

प्रस्ताव वाचता आला पाहिजे

मतदार कोड वाचत नाही. तुम्ही वाचता का दुसऱ्याचा? चारशे ओळींचा बदल बघून लोक नाव बघतात आणि ओळखीचं असलं की अंगठा देतात. म्हणून प्रत्येक प्रस्तावाला साध्या मराठीत चार ओळी सक्तीच्या करा. आत्ता काय दिसतं, बदल केल्यावर काय दिसेल, कोणाला त्रास होऊ शकतो, आवडलं नाही तर मागे कसं घ्यायचं. सोबत आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट, तोही मोबाइलचा, लॅपटॉपचा नको. उदाहरणार्थ:

"आत्ता विंचूरचे भाव लासलगावच्या आकड्यात मिसळून दिसतात. बदलानंतर विंचूरची वेगळी ओळ येईल आणि लासलगावची आवक कमी झाल्यासारखी दिसेल. ज्यांनी जुन्या आकड्यांचे तक्ते ठेवलेत त्यांचे तक्ते जुळणार नाहीत. मागे घ्यायचं तर एक सेटिंग बदलायचं, डेटा जात नाही."

तिसरी ओळ बघा. ती लिहायला लावली की निम्मे प्रस्ताव लिहिणाराच स्वतः सुधारतो.

एका प्रस्तावात एकच गोष्ट हा नियम कडक ठेवा. विंचूर वेगळं करणं, जाता जाता रंग बदलणं आणि "थोडी साफसफाई" हे एकत्र आलं की परत पाठवा. साफसफाईतच बहुतेक घाण लपते.

बॉट, पायरी पायरीने

बॉट मुख्य रिपोत ठेवू नका, वेगळ्या रिपोत ठेवा, म्हणजे प्रस्ताव टाकणाऱ्याला मोजणीच्या कोडला हातच लावता येत नाही. दुसऱ्या रिपोत काम करायचं म्हणजे अ‍ॅक्शन्सचं (गिटहबची कामं आपोआप चालवायची सोय) आपोआप मिळणारं टोकन चालत नाही, ते त्याच रिपोपुरतं असतं, म्हणून एक गिटहब अ‍ॅप बनवा आणि मुख्य रिपोवर लागतील तेवढ्याच परवानग्या द्या, वर्कफ्लो (आपोआप चालायच्या कामांची फाइल) बदलायची परवानगी तर देऊच नका. याचा अजून एक फायदा आहे. आपोआप मिळणाऱ्या टोकनने मर्ज केलं की त्या पुशवर, म्हणजे नवा कोड चढल्यावर, दुसरे वर्कफ्लो सुरू होत नाहीत, गिटहबने ते मुद्दाम बंद ठेवलंय, नाहीतर वर्कफ्लो एकमेकांना चालू करत बसतील, पण त्यामुळे होतं काय की मर्ज झालेलं दिसतं आणि साइट जुनीच राहते आणि माणूस तासभर ब्राउझरची कॅश क्लिअर करत बसतो. अ‍ॅपच्या टोकनला ही अडचण नाही.

प्रस्ताव तयार झाला की सांभाळणाऱ्यांपैकी कोणीतरी त्यावर "मतदान सुरू" असं लेबल लावायचं, हे हातानेच. लेबल दिसलं की बॉटने पुल रिक्वेस्टखाली स्वतःची कमेंट टाकायची, तिच्यात त्या चार ओळींची कॉपी, शेवटच्या कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) हॅश, म्हणजे त्याची ओळख पटवणारा नंबर, संपायची तारीख-वेळ, त्या दिवशीचा कोरम. आणि अंगठे या कमेंटवरच मोजायचे, पुल रिक्वेस्टच्या वर्णनावर नाही. कारण वर्णन टाकणाऱ्याला ते कधीही बदलता येतं. "रंग हिरवा करू" यावर पन्नास अंगठे घेऊन नंतर मजकूर बदलला की झालं कल्याण. शिवाय अंगठ्याची नोटिफिकेशन कोणाला जात नाही, कमेंटची जाते, त्यामुळे मतदान उघडलंय हे लोकांना आपोआप कळतं.

त्यानंतर बॉट तासातासाला उठतो. क्रॉनमध्ये (काम कधी चालवायचं त्याचं वेळापत्रक) बरोबर शून्य मिनिट टाकू नका, तासाच्या ठोक्याला गिटहबवर गर्दी असते आणि काम उशिरा चालतं, १७ किंवा ४३ असं काहीतरी टाका. वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ) धरली जाते, म्हणजे आपली सकाळी नऊची वेळ तिथे साडेतीन. आणि उघड्या रिपोत ६० दिवस काहीच हालचाल नसली की ठरलेले वर्कफ्लो गिटहब बंद करून टाकतो, बॉट वेगळ्या रिपोत असल्यामुळे हे हमखास होणार. त्यावर उपाय म्हणजे निकालांची नोंद बॉटच्याच रिपोत टाका, हालचाल पण राहते आणि दप्तर पण.

उठल्यावर सगळ्यात आधी बंद करायचं बटण बघायचं. रिपोच्या सेटिंगमध्ये एक व्हेरिएबल ठेवा, "मतदान चालू" की "थांबलंय", थांबलेलं असलं की बॉटने काही न करता झोपायचं. हे बटण किमान तिघांच्या हातात हवं, आणि तिघं एकाच ऑफिसातले नकोत.

मग कमिटचा हॅश. मतदान उघडताना जो होता तोच आहे का? कोणी मधे नवीन कमिट ढकललं असेल तर मतदान रद्द, लेबल काढायचं, आणि कमेंट टाकायची की पहिल्यापासून. भले ती स्पेलिंगची दुरुस्ती असो. लोक चिडतात, पण लोकांनी मत ज्या कोडला दिलं तोच मर्ज व्हायला हवा, याला पर्याय नाही. मर्ज करतानाही गिटहबच्या एपीआयला (प्रोग्रामने गिटहबशी बोलायची सोय) हॅश देता येतो, जुळला नाही तर तो मर्ज नाकारतो, ते वापराच, कारण तुमची तपासणी आणि मर्ज यांच्या मधल्या दोन सेकंदात पण कोणी कमिट टाकू शकतं.

मोजणीत तीन खड्डे आहेत. एक, एपीआय एका वेळी ३० च रिअ‍ॅक्शन देतो, मागितलं तर १०० पर्यंत, त्यापुढे पुढचं पान मागावं लागतं. हे विसरलं तर सुरुवातीला सगळं छान चालतं, कारण तीस मतं पडतच नाहीत, आणि नेमकं सगळ्यात गाजलेल्या प्रस्तावाला मोजणी चुकते. दोन, एकच माणूस वर आणि खाली दोन्ही अंगठे देऊ शकतो, गिटहब अडवत नाही, अशा वेळी त्याची दोन्ही मतं सोडून द्या. तीन, बॉट उशिरा उठला तर वेळ संपल्यावर पडलेले अंगठे पण त्याला दिसतात, प्रत्येक रिअ‍ॅक्शनसोबत वेळ येते ती तपासून नंतरचे गाळा. अंगठा काढून घेतल्याची मात्र नोंद कुठेच राहत नाही, म्हणून दर तासाची यादी फाइलमध्ये जपून ठेवा, उद्या कोणी म्हणालं की माझं मत होतं तर दाखवता येतं.

गोठवलेल्या यादीशी नावं जुळवा, टाकणाऱ्याला वगळा, कोरम आणि बहुमत बघा. जिंकलं असेल तर बदललेल्या फाइलींची यादी मागवा आणि त्यात एकही राखीव फाइल, म्हणजे नियम, वर्कफ्लो, लायब्ररींची यादी, असली तर मर्ज न करता माणसांना टॅग करा. मग टेस्ट. टेस्ट साध्या पुल रिक्वेस्ट इव्हेंटवरच (वर्कफ्लो सुरू करणारी घटना) चालवा, बाहेरच्या फोर्कवरून (दुसऱ्याने घेतलेली कोडची प्रत) आलेल्या कोडला तिथे सीक्रेट, म्हणजे जपून ठेवलेले पासवर्ड-टोकन, मिळत नाहीत. पुल रिक्वेस्ट टार्गेट नावाचा अजून एक इव्हेंट आहे, त्यात मुख्य रिपोची सीक्रेट हाताशी असतात, त्यात जर तुम्ही बाहेरच्या माणसाचा कोड उतरवून चालवला तर तुम्ही त्याला घराची किल्ली दिलीत. इंटरनेटवरून कॉपी केलेल्या वर्कफ्लोमध्ये हा शब्द दिसला की थांबा.

दोन प्रस्ताव एकाच दिवशी जिंकले तर एकेक करून मर्ज करा आणि मधे टेस्ट परत चालवा. वेगवेगळे पास झालेले दोन बदल एकत्र आले की मोडतात, हे नेहमीचं आहे.

पर्याय तीन असले की अंगठा चालत नाही

मोठ्या अक्षरात काय दाखवायचं? कमाल, सरासरी, की किमान ते कमाल अशी रेंज? ४० जणांनी एकेक मत दिलं, कमालला १६, सरासरीला १४, रेंजला १०. कमाल जिंकलं. पण रेंजवाल्या दहाही जणांना कमाल नको होतं, त्यांची दुसरी पसंती सरासरी होती. जोड्या लावून बघा, सरासरी विरुद्ध कमाल, २४ ला १६, सरासरी पुढे. कमालवाल्यांची दुसरी पसंती पण सरासरीच असेल तर सरासरी विरुद्ध रेंज, ३० ला १०. म्हणजे दोघांनाही समोरासमोर हरवणारा पर्याय साध्या मोजणीत दुसरा आला. डेबियनमध्ये म्हणूनच पसंतीक्रम लिहून घेतात आणि जोड्या लावतात, त्याला कॉन्डॉर्से पद्धत म्हणतात, आणि पर्यायांत नेहमी एक "यातलं काहीच नको" असतो. तो तुम्ही पण ठेवा.

फक्त पर्याय कोणी ठरवायचे ते उघडं सोडू नका. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये संशोधनाच्या जहाजाला नाव सुचवायला लोकांना सांगितलं, पहिलं आलं बोटी मॅकबोटफेस. जहाजाला शेवटी सर डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचं नाव दिलं आणि बोटी हे नाव त्यावरच्या छोट्या पाणबुडीला. म्हणजे मत घेतलं आणि मानलं नाही. त्यापेक्षा आधी सूचना मागवा, मग सांभाळणाऱ्यांनी जे खरंच करायची तयारी आहे तेवढेच पर्याय मतदानाला लावावेत.

नकाराधिकार आणि मागे घेणं

अपाचीमध्ये कोडच्या बदलाला हक्काच्या माणसाने -१, म्हणजे विरोधी मत, दिलं की बदल अडतो, पण तांत्रिक कारण लिहावं लागतं, कारण नसलेला नकार धरत नाहीत. आपल्यालाही तेच पुरतं. सांभाळणाऱ्यांपैकी दोघांनी मिळून कारण लिहिलं तर मर्ज थांबेल. "मला आवडलं नाही" हे कारण चालणार नाही, "जुन्या अँड्रॉइडवर पान उघडत नाही, हा व्हिडिओ" हे चालेल. आणि त्या कारणाचं निरसन झालं की थांबवणं आपोआप उठेल.

मागे घेणं मात्र सोपं ठेवा, पुढे जाण्यापेक्षा सोपं. २४ तासांचं मतदान, कोरम निम्मा, म्हणजे आपल्या उदाहरणात ६. आणि आकडाच चुकीचा दिसत असेल तर मतदानबितदान काही नाही, ज्याला दिसलं त्याने आधी मागे घ्यायचं आणि मग कारण लिहायचं. लासलगावचा भाव दहापट दिसत असताना पाच दिवस अंगठे मोजणारा ग्रुप मला नकोय.

सुरू कसं करायचं

पहिला महिना बॉटला मर्जची परवानगीच देऊ नका. तो फक्त मोजेल आणि "हे जिंकलं असतं" अशी कमेंट टाकेल, बटण माणूसच दाबेल. या महिन्यात बॉटचा निकाल आणि तुमची हाताने केलेली मोजणी ताडून बघा, आणि एकदा मुद्दाम त्याला फसवून बघा. मित्राला सांगा मधेच कमिट टाक, दोन्ही अंगठे दे, राखीव फाइल बदल, वेळ संपल्यावर मत दे. चारही वेळा बॉट अडला तरच पुढे.

मग पहिली मोकळीक भाषांतराच्या फाइलींना द्या. तिथे चुकलं तर एखादा शब्द विचित्र दिसेल, कोणाचं नुकसान नाही, आणि भांडायला भरपूर वाव आहे, "आवक" लिहायचं की "आलेला माल" यावरच लोक तीन दिवस काढतील. ते सुरळीत चाललं की रंग-मांडणी, त्यानंतर बाजारांची यादी. भावाच्या हिशोबाच्या फाइली मी तरी बॉटच्या हातात देणार नाही, तिथे मतदान घ्या, निकाल माना, पण मर्ज टेस्ट वाचून माणसानेच करावं. आणि मतदार यादीचा दर सहा महिन्यांनी आढावा घ्या, वर्षभरात एकदाही मत न दिलेल्यांना आधी मेसेज करून मग बाजूला काढा, परत आले की परत घ्या.